ताजा कलमातल्या वहिनी

आदरणीय ताई,

येत्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत माझ्या पत्नीला जाऊन वर्ष होईल. होम मैदानावर दारूकाम झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. ती फॅक्टरी इन्स्पेक्टर होती. भोपाळची वायुगळती झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1985 ला नोकरीत लागली आणि 2015 ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाली. सांगली, कोल्हापूर, पुणे अशा बदल्या झाल्या, पण घर सोलापुरातून हललं नाही. मी इथल्याच एका शाळेत 31 वर्षं मराठी शिकवलं.

प्रथम पुण्यस्मरणाला वीसेक पानांची पुस्तिका काढायचं मुलांनी ठरवलं आणि लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. काहीही लिहिलं तरी पेपरातल्या निधनवार्तेसारखं होतं. प्रेमळ, मनमिळाऊ, सुस्वभावी, कर्तव्यदक्ष. माझ्या थोरल्या बहिणीचं म्हणणं, 'आदर्श गृहिणी आणि सुगरण' हे आलंच पाहिजे. मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई आपल्यापेक्षा कारखान्यांची जास्त होती, ते लिहिणार असाल तर लिहा. गड्ड्याला नेऊन आकाशपाळण्यात बसू न देणारी जगातली एकच आई." पुण्याच्या मुलीनं हे ऐकलं आणि भावाशी बोलणं टाकलं.

ट्रंकेत तिच्या सतरा डायऱ्या सापडल्या. सगळ्या तुटक नोंदी. "महिलांच्या संडासाला आतून कडी नाही. तिसऱ्यांदा सांगितले." एका पानावर नुसता "ओढणी" एवढाच शब्द, मागे-पुढे काही नाही. यातून माणूस कसा उभा करायचा? ती कडक होती. माझी स्कूटर घेऊन रात्रपाळीलाही न सांगता कारखान्यात जाऊन धडकायची. लोक पाठीमागे खडूस म्हणत. हे लिहावं की झाकावं?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

ता. क. : दळणाला गेली तरी तिचं लक्ष गिरणीच्या उघड्या पट्ट्याकडे. दोन वर्षं त्या गिरणीवाल्याशी भांडली, शेवटी त्यानं पट्ट्याला जाळी बसवली. तेराव्याला तो आला होता. कोपऱ्यात बराच वेळ बसला, काही बोलला नाही, जेवलाही नाही, उठून गेला. हे काही पुस्तिकेत घालण्यासारखं नाही, सहज आठवलं.

---

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा पूर्ण वाचलं आणि तिसऱ्यांदा नुसता ताजा कलम. काय लिहू, कसं लिहू, यात तुमचं सगळं पत्र गेलं. आणि पाकिटाला डिंक लावायच्या आधी 'सहज आठवलं' म्हणून जे चार ओळींत उरकलंत, त्यात वहिनी चालत आल्या. हातात दळणाचा डबा, नजर पट्ट्यावर. पुस्तिका तिथूनच सुरू करा.

रागावू नका, पण एक विचारते. 31 वर्षांत 'माझी आई' या निबंधाच्या वह्यांचे किती गठ्ठे तुमच्या हाताखालून गेले असतील? माझी आई पहाटे लवकर उठते. ती खूप प्रेमळ आहे. ती माझ्यावर चांगले संस्कार करते. आणि शेवटी ती एक ओळ, जी सगळ्याच पोरांना पाठ असते. अशा निबंधाला तुम्ही दहापैकी पाच देत असाल, अक्षर चांगलं असेल तर साडेपाच. पण एखाद्या पोरानं लिहिलं असेल, 'माझी आई विड्या वळताना माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही', तर ती वही तुम्ही घरी आणून वहिनींना वाचून दाखवली असणार. आता तुमच्यावर वेळ आली, तर तुम्हीही साडेपाच मार्कांचं लिहायला बसलात. त्यात नवल नाही म्हणा. माणूस गेलं की आपला हात आपसूक त्या तयार शब्दांकडे जातो, कारण ते कुणाचेच नसतात आणि म्हणून टोचत नाहीत. तुम्ही चारही वेळा ते फाडलंत, यावरून तुमच्यातला मास्तर अजून जागा आहे एवढं कळलं.

वहिनींच्या कामाविषयी मला थोडं जास्त बोलायचंय. त्याला कारण आहे. मी मिल कामगाराची मुलगी. वडील कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, होते. मिलचं नाव घेत नाही, आता त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं नव्हती. लहानपणी मला वाटायचं, मिलमध्ये जाणाऱ्यांची बोटं अशीच असतात. आमच्या चाळीपुरतं ते फार खोटंही नव्हतं. शेजारच्या काकांचा एक डोळा धोट्यानं गेलेला. आडवं सूत नेणारा हा धोटा मागावरून उडाला की गोफणीतल्या दगडासारखा येतो. म्हणून तर मागाला पुढे आडवी सळी, म्हणजे धोट्याचं गार्ड, लावायचं असतं. ते असायचं. पण मागाला नाही, खात्याच्या कोपऱ्यात.

इन्स्पेक्टर येणार असले की मिलमध्ये आदल्या दिवशीच कळायचं. कसं कळायचं ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक. मग भिंतीला चुना, लाल बादल्यांत ताजी वाळू, प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि आयोडीन. कोपऱ्यातली गार्डं झटकून यंत्रांवर चढायची. साहेब यायचे, चहा व्हायचा, सह्या व्हायच्या. पुढच्या पाळीला गार्डं परत कोपऱ्यात. वडील यात एकट्या मालकाला दोष द्यायचे नाहीत. "काढणारे हात आमचेच की," म्हणायचे. गार्ड लावलेलं असलं की अडकलेला कापूस काढायला यंत्र थांबवा, गार्ड उघडा, कापूस काढा, गार्ड लावा, मग चालू करा. तेवढ्यात काम मागे पडतं आणि जोबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडतो. यंत्रमागावर तर मजुरीच नगावर. माग पाच मिनिटं थांबला की संध्याकाळचे पैसे कमी. आपलं बोट जाईल असं कुणालाच वाटत नसतं, पैसे जातात ते मात्र रोज दिसत असतं.

म्हणून तुम्ही 'खडूस' लिहिलंत तिथे मी थांबले. फॅक्टरी इन्स्पेक्टर प्रामाणिक असेल तर त्याला खडूस दोन्हीकडून म्हणतात. मालकाला त्याच्यामुळे खर्च, कामगाराला त्याच्यामुळे उशीर. आणि रात्रपाळीला न सांगता स्कूटरवरून बाई आली, की चुना मारायला वेळच मिळत नाही. आमच्या वडिलांच्या खात्यात असं कुणी एकदा जरी आलं असतं, तर मी आज हे पत्र जरा वेगळं लिहिलं असतं. तो शब्द झाकू नका. तसाच घाला, कोण म्हणायचं आणि कशावरून म्हणायचं त्यासकट.

आणि घरच्यांना वहिनींचं काम नेमकं काय होतं, ते एकदा सांगून टाका. माझा अंदाज आहे की तुमच्या बहिणीला, कदाचित मुलालाही, 'सरकारी नोकरी होती, कारखाने बघायला जायची' याच्या पलीकडे फार माहीत नसेल. पोलीस इन्स्पेक्टर कोण हे सगळ्यांना कळतं. हे इन्स्पेक्टर कोण, हे निम्म्या गावाला कळत नाही. वहिनींच्या नोकरीच्या काळात 1948 चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की लागू व्हायचा आणि विजेशिवाय वीस. हलत्या यंत्राला कठडा किंवा जाळी हवी. चालू यंत्रात बाईनं आणि पोरासोरांनी तेलपाणी, पुसापुशी करायची नाही. तीसहून जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर लागायचं. अडीचशेच्या वर माणसं असतील तर कॅन्टीन लागायचं. आठवड्याला 48 तास, त्याच्यापुढे काम घेतलं तर दुप्पट मजुरी. आणि इन्स्पेक्टरला कारखान्यात शिरायला कुणाची परवानगी लागायची नाही. दारावरचा रखवालदार काहीही म्हणो.

सोलापुरात हे सगळं पाळायला लावणं म्हणजे काय, ते यंत्रमागाच्या पेठांत राहिलेल्यांनाच कळेल. एकाच शेडमध्ये चार माग मोठ्या भावाच्या नावानं, चार धाकट्याच्या, चार भावजयीच्या. प्रत्येक नावावर कामगार दहाच्या आत. म्हणजे कायद्याच्या हिशेबी तिथे कारखानाच नाही, आणि कानाला मात्र दोन गल्ल्यांपलीकडे खडखडाट ऐकू येतो. अशा शेडच्या दारात वहिनी किती वेळा उभ्या राहिल्या असतील आणि काय मनात घेऊन परतल्या असतील, ते डायरीत बघा. असेल असं मी म्हणत नाही. पण असलं तर ते पान वगळू नका. माणसाला काय करता आलं नाही, हेही त्याच्या आयुष्यात धरायचं असतं.

नातवंडं असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक. आपल्याकडची 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी 1877 ची. तेव्हा देशात कारखान्यांचा कायदाच नव्हता. पहिला आला 1881 ला. त्यात काय होतं? सात वर्षांच्या आतलं मूल कामाला ठेवू नका, आणि सात ते बाराच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नका. म्हणजे दुसरीतल्या पोरानं नऊ तास मिलमध्ये राबणं कायद्याला चालत होतं. 1948 च्या कायद्यानं चौदाच्या आतलं कुणीच चालणार नाही असं ठरवलं. तुमची आजी त्या मधल्या फरकावर पहारा द्यायला होती, असं सांगा पोरांना. त्यांना कळेल. मोठ्यांपेक्षा लवकर कळेल.

आता डायऱ्या. यातून माणूस कसा उभा करायचा, असं विचारता. सर, ती कडीची ओळ मी मोठ्यानं वाचली. "महिलांच्या संडासाला आतून कडी नाही. तिसऱ्यांदा सांगितले." बायकांसाठी वेगळी, आडोशाची सोय हवी, हे कायद्यात आहे. पण साहेब लोक तपासणीला जात, तेव्हा बाहेरून दार बघून टिक मारत. आत जाऊन कडी लावून बघायला बाईच लागते. आणि कडी नसली तर बायका काय करतात? दिवसभर पाणी पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, बॉयलरच्या आणि मागांच्या उष्णतेत. हे त्या बायकांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. त्यांनी वहिनींना सांगितलं असेल, किंवा वहिनींना न सांगता कळलं असेल. आणि 'तिसऱ्यांदा' हा शब्द लिहिताना पेन किती दाबलंय, ते पानाच्या मागून बोट फिरवून बघा. मग मला सांगा या नोंदी तुटक आहेत म्हणून.

'ओढणी' या पानाचं मला नक्की काही सांगता येणार नाही. फिरत्या शाफ्टला ओढणीचं टोक लागलं की काय होतं ते मी ऐकून आहे, इथे लिहीत नाही. त्या दिवशी तसं काही घडलं, की घडता घडता राहिलं, की वहिनींनी एखाद्या पोरीला नुसतं रागे भरलं, ते त्यांनाच ठाऊक. पण डायरीला तारीख असेल. ती तारीख मुलीला फोन करून विचारा. नुसतं एवढंच विचारा की त्या सुमारास आईनं तुला ओढणीवरून काही म्हटलं होतं का? स्कूटीवर बसताना मागे गाठ मारायला लावली, शिलाई मशीनपाशी काढून ठेवायला लावली, कॉलेजला जाताना दारात अडवलं, असं काही. कदाचित काहीच निघणार नाही. पण मला का कोण जाणे वाटतं, की निघेल. आणि निघालं तर ते मुलीनं लिहावं, तुम्ही नको.

मुलाचं सांगते. तुमच्या पत्रात ताजा कलमानंतरची सगळ्यात चांगली ओळ त्याची आहे. गड्ड्याला नेऊन आकाशपाळण्यात बसू न देणारी जगातली एकच आई. मी हसले आणि मग गप्प झाले. सगळी पोरं वर जाऊन किंचाळतायत, खाली भागवत टॉकीजच्या पोस्टरापासून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत सगळं बघतायत, आणि हा खाली उभा. आई पाळण्याच्या खांबापाशी वाकून नट-बोल्ट बघतेय, पाळणेवाल्याला विचारतेय, हा खिळा कशाला ठोकलाय, पिन कुठंय? बाकीच्या आया बघतायत. अशा वेळी पोराला जमीन दुभंगावी असं वाटतं. ते त्याला चाळीस वर्षांचा झाला तरी वाटत राहणार. त्याची समजूत काढू नका. 'तुझ्या काळजीपोटीच करायची रे' हे वाक्य तर मुळीच नको, ते त्यानं हजारदा ऐकलं असेल. त्याला म्हणावं, दोन पानं तुझी. तुला जे लिहायचं ते लिही, मी त्यातला एक काना-मात्रा बदलणार नाही. शुद्धलेखनसुद्धा नाही. ही अट तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. आणि मुलीला म्हणावं, भाऊ आईवर चिडलाय कारण त्याचं तिच्याशी भांडण अजून चालू आहे. ज्याचं भांडण संपलेलं नाही, त्याचं माणूस गेलेलं नाही. त्याच्याशी बोलणं टाकून काय मिळणार?

कोल्हापूरच्या बदलीची वर्षं तुम्ही एका ओळीत उडवलीत. तिथेच मला खटकलं. वहिनी कोल्हापूरला, मुलं सोलापुरात, घर हललं नाही. मग डबे कोण करायचं? पोरांच्या वेण्या, शाळेचे गणवेश, आजारपणं? तुमच्या पत्रात तुम्ही कुठेच नाही आहात, सर. शिकवत होतात म्हणता, बस. मला वाटतं, भाकरी तुम्ही थापत होतात. ज्वारीचं पीठ मळून, परातीत हात आपटत, रोज. आणि ते गावाला सांगायचं नाही, असं तुमच्या घरात न बोलता ठरलं होतं. तुमच्या बहिणीला 'सुगरण' हा शब्द वहिनींसाठी नको आहे, तुमच्यासाठी हवा आहे. भावानं तीस वर्षं चूल सांभाळली हे झाकायला. मी चुकत असेन तर माफ करा, पण चुकत नसेन तर ते लिहा. बायको रात्री स्कूटरवरून कारखान्यात जायची आणि नवरा पोरांना जेवू घालून निजवायचा. त्या काळात, या गावात. वहिनींच्या सगळ्या सद्गुणांची यादी करण्यापेक्षा हे एक वाक्य पुरेल. बहिणीला राग येईल. येऊ दे. शेंगाची चटणी मात्र वहिनींना चांगली जमायची असेल तर तीही लिहा, खोटं कशाला बोलायचं.

काही कोरड्या गोष्टी. डायऱ्यांमधली कारखान्यांची, मालकांची नावं छापू नका. वहिनींनी ती कामासाठी लिहिली होती, चारचौघांत वाचायला नव्हे, आणि त्या माणसांची मुलं-नातवंडं याच गावात आहेत. 'अक्कलकोट रोडचा एक टॉवेल कारखाना' एवढं पुरतं. कामगार बायकांची नावं त्यांना विचारल्याशिवाय नकोत. डायऱ्यांबरोबर कचेरीचा एखादा कागद, नोटिशीची प्रत, असं काही निघालं तर ते कार्यालयात नेऊन द्या, घरी ठेवू नका. शेवटच्या महिन्यांतलं दवाखान्याचं सगळं एका परिच्छेदाच्या आत संपवा. लोकांना तेच वाचायला आवडतं आणि त्यात वहिनी सगळ्यात कमी आहेत.

फोटो निवडताना स्टुडिओतला, पैठणीतला, हातात गुलाबाचं फूल असलेला नको. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या दिवशी कारखान्यांत कार्यक्रम होतात, भाषणं होतात. कुणी ना कुणी फोटो काढलेला असतो. हेल्मेट घातलेला, कपाळावर घाम, डोळे बारीक केलेले, असा एखादा असेल तर तो घ्या. मुखपृष्ठावर 'कै.' आणि खाली चार ओळी नका घालू. नाव, आणि नावाखाली 'फॅक्टरी इन्स्पेक्टर'. आमच्या गावात बाईच्या नावाखाली ते अक्षरांत छापलेलं मला बघायचंय.

आणि माणसं शोधा. तुम्ही एकट्यानं घरात बसून लिहायचा प्रयत्न केलात, म्हणून चारदा फाडावं लागलं. त्यांच्या कचेरीतला शिपाई, जीपचा ड्रायव्हर, टंकलेखिका, जे हयात असतील ते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, बाई चिडल्या की काय म्हणायच्या? चांगल्या होत्या का, असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील आणि तुम्ही पुन्हा निधनवार्तेवर याल. साखर पेठ, अशोक चौक, त्या बाजूला गेलात आणि एखादी म्हातारी मागवाली भेटली तर ती तेलुगूतच बोलेल. फोनवर रेकॉर्ड करा, नातवाकडून करून घ्या. भाषांतर मग करता येईल. वहिनींना तेलुगू येत होतं का हो? मागांच्या खडखडाटात वाक्यं ऐकू येत नाहीत, एकेक शब्दच ओरडावा लागतो. "चेय्यी पेट्टोद्दु", हात घालू नको, एवढं तरी त्या शिकल्याच असतील. कुणी त्यांच्या आवाजात ते करून दाखवलं, तर तेवढं तेलुगूतच छापा.

पुण्यस्मरणाला भाषणं ठेवू नका. नातेवाईक उठून उभे राहिले की प्रेमळ, मनमिळाऊ सुरू होणार, आणि तुम्हाला कुणाला खाली बसवता येणार नाही. कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी, आणि पुस्तिका हातात.

राहिला गिरणीवाला. तेराव्याला तो जेवला नाही, बोलला नाही, याचा अर्थ मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. त्याला विचारावं लागेल. जाळी कुठल्या साली बसवली, कुणाकडून करून घेतली, किती पैसे पडले, आणि शेवटी एकदाचं 'बसवतो बाई' म्हणाला तो दिवस कुठला. वहिनी त्यावर काय म्हणाल्या? की काही न बोलता डबा उचलून निघाल्या? पुस्तिकेचं पहिलं पान त्याच्याकडे आहे. जाताना दळण घेऊन जा, रिकाम्या हातानं गेलात तर तो काही बोलणार नाही. आणि दुपारी जा, लाईट असते आणि गर्दी नसते.